सत्यप्रत

मामा अंबाजोगाईला तहसिलात अव्वल कारकून होते. कविता करत, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. साहेबांची जीप गेली की मराठी टाइपरायटरवर बसायचे; वर फुलस्केप, मध्ये कार्बन, खाली पातळ कागद. त्या मशीनवर 'ण' म्हणजे आधी अर्धा ण् आणि मग काना. घाईत काना हुकला की 'पाणी' अर्धवट राहायचं. अशा ठिकाणी मामांनी मागाहून निळ्या शाईनं काना ओढलाय, तोही पट्टी धरून.

परवा माळ्यावरून ती फाईल काढली. प्रत्येक कवितेखाली रेघ आणि रेघेखाली टिपणी. चक्क 'सादर' अशी सुरुवात! १९७२ च्या दुष्काळात मामा खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घ्यायला होते, त्यावरची एक कविता आहे. तिची टिपणी अशी: 'सादर. दुसऱ्या कडव्यातील चंद्र हा चंद्रच समजावा, भाकरी समजू नये. त्या दिवशी सुकडी वेळेवर आली होती.'

कवीनं स्वतःच्या कवितेचा अर्थ सांगू नये, असं माझं मत होतं. या टिपणीनं ते जरा ढिलं झालं. शिवाय आमच्या गावाला विवरणाची हौस जुनीच. इथल्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी झाली ते, समजावायला कागद पुरेना म्हणून की काय, सुमारे ४० फूट लांबीची कापडाची पासोडीच लिहून काढली. मामांचं अर्ध्या पानात भागलं.

टिपणीखाली सही, तारीख आणि डाव्या हाताला 'सत्यप्रत'. सवयच ती. पण सत्यप्रत म्हटल्यावर मूळ प्रत कुठंतरी असायला हवी. मी सगळा माळा धुंडाळला. वह्या निघाल्या, पण दुधाच्या हिशेबाच्या.

मामी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "काय वाचायलास रे एवढं?"

हातात नेमकी तळ्याकाठच्या बाईची कविता होती. वाचून दाखवली, टिपणीसकट: 'सादर. सदर कवितेतील स्त्री काल्पनिक आहे. माहितीस्तव.'

मामींनी कागद घेतला, चष्म्याजवळ नेला.

"काल्पनिक म्हणं! आन् हे मोरपंखी लुगडं? हे तर माझंय की."

कागद मात्र त्यांनी परत दिला नाही.