आता ह्या वयात?

आपल्याकडे कुणी पंचविशीत पोहायला शिकायचं म्हटलं तरी "आता ह्या वयात?" असं हमखास ऐकावं लागतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, सवयच ती. पण जपानच्या चिहारू नाकामुरा ह्या रग्बी खेळाडूबद्दल वाचायला लागले तेव्हा वाटलं हिला हा प्रश्न दोन्ही टोकांना विचारला गेला असणार, सुरुवात करताना पण आणि थांबत नाही म्हणून पण.

बाई मुळात बास्केटबॉलवाली. होसेई युनिव्हर्सिटीत बास्केटबॉल खेळायची, रग्बीचा बॉल हातात आला तो पार कॉलेज संपता संपता. आता बघा, बास्केटबॉलमध्ये पास पुढे टाकायचा हे अंगात भिनलेलं आणि रग्बीत हाताने पास पुढे गेला की शिट्टी! बाजूला नाहीतर मागेच द्यायचा, आणि पळायचं मात्र पुढे. इतक्या वर्षांची हाताची सवय मोडायची म्हणजे खायचं काम नाही. फायदा पण असेल म्हणा, कारण ही खेळते त्या सेव्हन्स रग्बीत (सात जणांची रग्बी) ज्यांनी स्कोअर केला तेच परत किक मारून खेळ सुरू करतात, मग उंच आलेला बॉल हवेत झेपावून कोण पकडतं ह्यावर बरंच काही ठरतं, आणि तिथे बास्केटबॉलचं रिबाउंडचं (बास्केट हुकून परत आलेला बॉल उडी मारून पकडायचं) टायमिंग कामाला येत असणार असं आपलं मला वाटतं. मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढंच, खेळाडू फक्त सात, 7-7 मिनिटांचे दोन हाफ. ऐकायला 14 मिनिटं, पण पळून पळून जीव जातो.

हे सगळं जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून. 2016 ला सेव्हन्स पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा रिओत जपानच्या मुलींची कॅप्टन हीच. बारा टीममध्ये दहावा नंबर.

मग 2021, घरचं ऑलिम्पिक, तोक्यो. आणि टीममध्ये हिचं नावच नाही! वाचताना मलाच कसंतरी झालं. बाहेरच्या देशात संधी हुकली तर निदान लांब तरी असते, इथे आपल्याच देशात सामने आणि आपण टीव्हीसमोर (तसंही कोविडमुळे स्टेडियम रिकामंच होतं म्हणा). जपान सगळे सामने हरून बारावं आलं. एखादी म्हणाली असती, बघा मला घेतलं नाहीत ना! हिने काय केलं तर खेळत राहिली. त्याआधीच फुकुओकाकडे कुरुमे शहरात नानाइरो प्रिझम नावाची बायकांची टीम उभी करायला घेतली होती, म्हणजे खेळायचं पण हिनेच आणि जनरल मॅनेजर म्हणून कारभार पण हिनेच बघायचा. सकाळी टॅकल खायचे आणि दुपारी स्पॉन्सरकडे नीटनेटकं जाऊन बसायचं असं काहीतरी चित्र माझ्या डोळ्यासमोर येतं.

आणि 2024 ला पॅरिसच्या टीममध्ये परत नाव! वय 36. समोरच्या बऱ्याच मुली हिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. जपान नववं आलं, ऑलिम्पिकमधला त्यांचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला नंबर. मेडल वगैरे काही नाही, त्यामुळे इकडे कुणी बातमी वाचली असण्याची शक्यता शून्य. पण दहा, बारा, नऊ ह्या आकड्यांमधला तो बारा ज्यात ती नव्हतीच, मला तोच जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण तेव्हा सोडून दिलं असतं तर "वयच झालं होतं तिचं" म्हणून कुणी नावही ठेवलं नसतं.