अंबाझरीवरची जलपर्णी

आज सकाळी वस्तीतली आम्ही मंडळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर जलपर्णी काढायला गेलो. वरून नुसती हिरवीगार दिसते, पण एक रोप उपसलं की खाली हातभर काळी, केसाळ मुळं आणि दांड्याला जोडलेली पिल्लं. एक ओढलं की चार येतात! मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, ऊन अडवते, पाण्यातला प्राणवायू घटवते. म्हणजे उपसणं हे अर्धंच काम. सांडपाणी थांबायलाच हवं. २३ सप्टेंबर २०२३ ला हाच तलाव ओसंडला आणि पाणी कितीतरी घरांत शिरलं. तेव्हापासून या तलावाची आणि त्यातून पुढे वाहणाऱ्या नाग नदीची काळजी मला घरच्यासारखी वाटते. "वाळवून खत करा भाऊ, बागेला चालते," एक काकू म्हणाल्या. काठावर ढीग लावलाय. पुढच्या रविवारी तुम्हीही या, हातमोजे आणा.