गटाने दुचाकी चालवताना

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटातून जातो आणि तिथे मोबाईलची रेंज बराच वेळ मिळत नाही, त्यामुळे 'चुकलास तर फोन कर' ही आमच्याकडची नेहमीची सूचना तिथे निरुपयोगी ठरते. अशा रस्त्यावर गट एकत्र ठेवण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा नियम असा, की प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. आरशात तिचा दिवा दिसेनासा झाला की वेग कमी करायचा आणि फाटा आला तर मागचा नजरेस पडेपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबायचे. मागचा अडकला की त्याच्या पुढचा थांबतो आणि असे करत एकही हाक न मारता निरोप सर्वांत पुढच्यापर्यंत पोहोचतो.

सरळ रस्त्यावर गाड्या आपल्याच लेनमध्ये आळीपाळीने उजवीकडे आणि डावीकडे ठेवाव्यात; एकाच रेषेतल्या दोन गाड्यांत किमान २ सेकंदांचे अंतर असावे. घाटात मात्र एकेरी रांगच बरी. नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावे (हौशी मंडळींना हे पटत नाही!) आणि शेवटी पंक्चरचे सामान बाळगणारा अनुभवी चालक असावा.

कापसाच्या हंगामात अकोट-दर्यापूरकडे दोन्ही बाजूंनी फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी येते, तेव्हा ओलांडण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, आणि जो पुढे निघाला त्याने लगेच ब्रेक न लावता मागच्यासाठी जागा सोडावी.