शेवटची पाच मिनिटं

जुना कॅमेरा आज ऑनलाइन लिलावात गेला. दिवसभर बोली जागची हलेना, आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोघं असे भिडले की मी बघतच राहिले. सुरुवातीची किंमत मुद्दाम कमी ठेवली होती. लोक आधी स्वस्त म्हणून येतात, मग हरायचं नाही म्हणून थांबतात. गिऱ्हाईक एखादंच असेल तर मात्र राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायचीच नाही अशी) लावाच, नाहीतर वस्तू मातीमोल जाते.

लेन्सवरच्या ओरखड्याचा फोटो अगदी जवळून टाकला होता. प्रश्न त्यावरच आले, आणि विचारणाऱ्यांनीच बोली चढवली. (ईबे या लिलावाच्या साइटवर १९९५ मध्ये विकलेली पहिली वस्तू बिघडलेला लेझर पॉइंटर होता, घेणाऱ्याला माहीत असून!)

आणि हो, पार्सलचा खर्च वस्तू पॅक करून, वजन करूनच लिहा. अंदाजाने नको.