लाल टोक

होकायंत्र वापरायला शिकवणं सोपं असतं. पाऊण तासात कुणीही बेअरिंग, म्हणजे जायच्या दिशेचा उत्तरेपासूनचा कोन, घ्यायला शिकतो. पट्टीची कड नकाशावर दोन ठिकाणांना जुळवायची, तबकडी फिरवून तिच्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर करायच्या, मग सुईचं लाल टोक खुणेत बसेपर्यंत आपण स्वतः गोल फिरायचं आणि बाण दाखवेल तिकडे निघायचं. वेळ जातो तो पुढच्या गोष्टीत. हातातलं यंत्र एक सांगतंय आणि पायाखालची जमीन दुसरंच, तेव्हा काय करायचं? हे मी अनेक वर्षं शिकवतोय. त्या दिवशी मात्र मीच त्यात नापास झालो.

आमच्या वर्गाचा शेवटचा दिवस परीक्षेचा. चार जणांची तुकडी, नऊ किलोमीटरचा रस्ता, सात ठिकाणं. सगळ्यांचे फोन पिशवीत सीलबंद. प्रत्येक टप्प्याला एक जण पुढे राहून वाट काढतो, बाकीचे त्याच्या मागे. मी सगळ्यात शेवटी, वीस पावलं अंतर ठेवून, तोंड बंद ठेवून चालायचं. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तरच बोलायचं. मूल्यमापनाच्या कागदावर त्यासाठी एक ओळच आहे: ‘प्रशिक्षकाला मध्ये पडावं लागलं का?’ तिथे ‘हो’ आलं की तो टप्पा पुन्हा करावा लागतो. त्यामुळे मी बोलण्यात फार कंजूष आहे. लोक शंभर मीटर चुकीच्या घळीत उतरतात, मी बघत राहतो. चूक स्वतःच्या पायाने निस्तरली की लक्षात राहते.

पाचव्या टप्प्याला पुढे होत्या एक हिशेबनीस ताई, वय पन्नाशीच्या आसपास. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना नकाशा जमिनीप्रमाणे फिरवून धरायला जमत नव्हतं. अक्षरं उलटी झाली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. हे बहुतेकांचं होतं. वाचायची सवय इतकी पक्की की नकाशासुद्धा आपण पानासारखा धरतो. पण मोजण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. सपाटीवर शंभर मीटरला त्यांची सहासष्ट जोडपावलं, म्हणजे डावा पाय सहासष्ट वेळा. प्रत्येक शंभराला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. तिसऱ्या दिवशी तुकडीतली पोरं त्या खड्यांना हसली होती.

पठारावरच्या टेकाडापाशी पोचेपर्यंत धुकं आलं, तेही असं की पंधरा पावलांवरचा माणूस नुसता आकार दिसावा. १:२५,००० चा नकाशा. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर दहा मीटर उंचीला. जायचं होतं पश्चिमेच्या ओढ्याच्या उगमाशी असलेल्या खिंडीत. नकाशावर टेकाडाच्या पूर्वेला चारशे मीटर जवळजवळ कोरा कागद, म्हणजे सपाट, आणि मग कॉन्टूर एकमेकींना चिकटलेल्या. तो कडा. पश्चिमेला मात्र रेषा सारख्या अंतराने, एकामागून एक, थेट ओढ्यापर्यंत.

ताईंनी खिंडीचं बेअरिंग काढलं, २८६ अंश. मग म्हणाल्या, “मी २८१ वर चालणार. मुद्दाम डावीकडे.” सरळ खिंडीवर नेम धरला आणि धुक्यात ओढा लागला, तर खिंड उजवीकडे राहिली की डावीकडे, कळायला मार्ग नाही. पाच अंश मुद्दाम डावीकडे ठेवले की नऊशे मीटरवर आपण साधारण ऐंशी मीटर डावीकडे निघतो. ओढा लागला की डोळे मिटून उजवीकडे, चढाने वर. मी मनातल्या मनात त्यांना गुण देऊन टाकले.

तीन खडे झाल्यावर मी सहज, खात्रीसाठी, छातीच्या खिशातून माझं होकायंत्र काढलं. धुकं आल्यापासून पहिल्यांदाच. त्यावर २८१ लावलं आणि सुई जुळेपर्यंत फिरलो, तर बाण आमच्या पाठीमागे. चक्क पाठीमागे. म्हणजे आम्ही १०१ वर चाललो होतो, पूर्वेला, कड्याच्या दिशेने.

“थांबा!” मी ओरडलो. “सगळे जागेवर. ताई, तुमची दिशा उलटी आहे. समोर कडा आहे.”

सगळे गारठल्यासारखे उभे. ताईंनी होकायंत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नेहमीचा माणूस इथे मान खाली घालून मागे वळतो. मीही तीच अपेक्षा केली होती.

“सर, कडा कसा असेल?” त्या म्हणाल्या. “तीनशे मीटर आपण सारखं उतरतोय.”

“मग?”

“पूर्वेला गेलो असतो तर टेकाडाचा उतार संपल्यावर सपाटी लागली असती. नकाशात चारशे मीटर सपाटीच आहे. एवढा सलग उतार फक्त पश्चिमेला आहे.” आणि बाटली काढून त्यांनी जवळच्या खडकावर पाणी ओतलं. पाण्याची रेघ आमच्या चालण्याच्या दिशेने, किंचित डावीकडे वळत, खाली गेली. कॉन्टूरला काटकोनात उतार असतो हे मीच फळ्यावर काढलं होतं. नकाशावर त्या जागेच्या रेषांना काटकोन काढला तर तो पश्चिमेकडेच जात होता. माझ्या यंत्राचं खरं मानलं असतं तर पठार पूर्वेला उतरायला हवं होतं, आणि तसा उतार टेकाडाच्या जवळपास कुठेच नव्हता.

खरं सांगतो, तरीही पहिला विचार हाच आला की ताईंनी नकाशा पुन्हा उलटा धरलाय. तो नीट होता.

मग आम्ही यंत्रं ताडून पाहिली. सगळे घोळका करून आले तेव्हा सुया एकमेकींना खेचायला लागल्या, म्हणून मी त्यांना चार-चार पावलं लांब उभं केलं (ही एक गोष्ट तरी मला त्या क्षणी आठवली). ताईंचं आणि शेवटच्या मुलाचं होकायंत्र एकमताने एक दिशा दाखवत होतं. माझ्या सुईचं लाल टोक बरोबर दक्षिणेला.

सुई म्हणजे तरी काय, चुंबक केलेली पोलादाची बारीक पट्टी. तिच्यापेक्षा जोरदार चुंबक जवळ राहिलं तर तिचे ध्रुव उलटू शकतात, आणि मग सुई पूर्वीइतक्याच ठामपणे चुकीचं सांगते. ना ती थरथरत, ना अडकत. थोडी बिघडली असती तर संशय आला असता. १८० अंशांनी बिघडलेलं यंत्र अगदी निरोगी दिसतं. पृथ्वीचं चुंबकत्व मुळात फार क्षीण. साधा फ्रिजवर चिकटवायचा चुंबक त्याच्या शंभरपट भरतो. माझ्या फोनच्या झाकणाच्या बंदात असेच दोन चुंबक आहेत. त्यांचे फोन सीलबंद होते, माझा नव्हता. अडचणीच्या वेळेसाठी तो माझ्याजवळ असतो. कदाचित सकाळपासून, कदाचित कित्येक दिवसांपासून, तो त्याच खिशात होकायंत्राला चिकटून होता.

पहिल्या दिवशी मी टेबलावर फोन ठेवून सुई कशी वळते ते दाखवतो. वर उत्तरेचे तीन प्रकार समजावतो, खरी, नकाशाची आणि चुंबकाची. चुंबकीय उत्तर ध्रुव जागा बदलतो, १८३१ साली जेम्स क्लार्क रॉस हा दर्यावर्दी कॅनडाच्या उत्तर भागात त्या जागी पोचला होता आणि तिथून ध्रुव आता सायबेरियाच्या बाजूला कितीतरी सरकलाय, म्हणून जुन्या नकाशाच्या समासात दिलेला या उत्तरांमधला फरक तसाच वापरू नका, एक अंश चुकला तर किलोमीटरमागे सतरा मीटर बाजूला जाल, वगैरे वगैरे. एकेका अंशासाठी मी लोकांचा तासभर घेतो.

मी म्हटलं तसं वळलो असतो तर? तीनशे मीटर मागे, टेकाड, पुढे चारशे मीटर सपाटी. तिथेही चढाने, मग सपाटीने शंका यायला हवी होती. पण तुकडी माझ्या मागून चालली असती, आणि प्रशिक्षक पुढे असला की कोण खडे मोजतं?

“चला ताई,” मी म्हटलं, “तुमचा टप्पा आहे.” होकायंत्र पिशवीच्या तळाशी टाकलं आणि मी वीस पावलं मागे गेलो. नऊ खडे आणि वर वीसेक पावलं झाली तेव्हा पाण्याचा आवाज आला. ओढा. ताई न थांबता उजवीकडे वळल्या. खिंड धुक्यातून अशी अचानक समोर आली की पुढचा मुलगा तिच्या दगडाला धडकला.

संध्याकाळी कागद भरायला बसलो. ‘प्रशिक्षकाला मध्ये पडावं लागलं का?’ मी ‘हो’ लिहिलं. नियमाने टप्पा पुन्हा करायला हवा होता. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पडायची गरज नव्हती. प्रशिक्षकाचं होकायंत्र उलटं होतं, प्रशिक्षणार्थीने जमिनीवरून ओळखलं. टप्पा उत्तीर्ण.’

सही करायला कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी दोनदा वाचला, ‘नऊ खडे’ असं स्वतःच्या हाताने शेऱ्याखाली जोडलं आणि मग सही केली.