गुडघ्यात दुर्बीण आणि एका शब्दात अडकलेली फाइल

ऑपरेशन तासाभराचं. त्याच्या विम्याच्या मंजुरीला सहा दिवस लागले, म्हणून हे लिहितोय.

डावा गुडघा आठ महिने सुजत होता. अमळनेरला दोनदा पाणी काढलं. सिरिंजमध्ये कोऱ्या चहाच्या रंगाचं आलं. पंधरा दिवसांत गुडघा पुन्हा टम्म. एमआरआयमध्ये सांध्याचं अस्तर जाड दिसलं. जळगावचे डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून बघू, तुकडा तपासायला पाठवू आणि खराब अस्तर त्याच वेळी काढून टाकू.

मग कॅशलेसची खिडकी. तिथल्या माणसाने फॉर्मवर लिहिलं, 'डायग्नोस्टिक आर्थ्रोस्कोपी', म्हणजे नुसती दुर्बिणीतून तपासणी. विमा कंपनीचं उत्तर: नुसत्या तपासणीसाठी भरती झालात तर पैसे मिळत नाहीत. कलम खोटं नाही, पॉलिसीत छापलेलंच असतं: 'इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन', कोड 04. पण माझी नुसती तपासणी कुठे होती? खिडकीवर एकच पालुपद, "क्वेरी आलीय, काका." विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायला सांगितलंय. माझ्या वाट्याला तासाभरात यायची ती नवी क्वेरी! आधी जुने एक्सरे, मग पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग दुखणं कधीपासूनचं त्याचा दाखला. रोज अमळनेर-जळगाव, आणि एसटीच्या पायरीवर गुडघा वाकत नाही. संध्याकाळी आई ओट्यावरूनच विचारायची, "काय व्हयनं रे भाऊ?" तिला काय सांगू, एक शब्द नडलाय?

सहाव्या दिवशी खिडकी सोडून थेट ओपीडीत घुसलो. डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या: सायनोव्हेक्टमी (म्हणजे खराब अस्तर काढणं) आणि बायोप्सी, उपचारासाठी. संध्याकाळी मंजुरी! तेव्हा फॉर्म जाण्याआधी स्वतः वाचा. उपचार होणार असेल तर त्याचं नाव त्यात हवं.

कमरेखाली भूल होती, त्यामुळे पडद्यावर सगळं पाहिलं. सलाइनच्या पाण्यात तपकिरी शेवाळ डुलत होतं आणि शेव्हर, म्हणजे अस्तर कापणारं बारीक यंत्र, ते ओढून घेत होतं. बाहेरून दोन बारीक छिद्रं, बस्स.

हो, एक राहिलंच. टीबीची शंका असेल तर कल्चरचा (जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकत नाहीत, त्यात जंतू मरतात. तो सलाइनमध्ये वेगळा जातो. ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला: पीव्हीएनएस, म्हणजे सांध्याच्या अस्तराची फाजील वाढ. कॅन्सर नाही, पण पुन्हा उगवू शकतं, म्हणून सहा महिन्यांनी परत एमआरआय. फॉर्म मीच भरणार आहे.