हार्डनॉटचा चढ आणि मुग्धाच्या हातातला दगड

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिथल्या तळ्या-डोंगरांच्या भागाला, जाऊन आलं की विंडरमिअरची बोट, ग्रासमिअरचं जिंजरब्रेड आणि मेंढ्या यांच्यावर लिहायची पद्धत आहे. बोट झाली, जिंजरब्रेड खाल्लं, मेंढ्या मुबलक होत्या. विंडरमिअरला पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात तळ्याला अर्धी फेरी झाली असती. आता ज्यासाठी लिहायला बसलोय त्या पाऊण तासाकडे येतो.

आमची गाडी 1972ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. लीड्सच्या पावसात पन्नास वर्षं काढूनही तिचा पत्रा शाबूत आहे, पण गियर मूळचे चारच. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड, तेव्हा जादा पैसे मोजून मिळायचा आणि माझ्या आधीच्या कुणा काटकसरी मालकाने तो घेतला नव्हता. मोटरवेवर ताशी सत्तर मैलांना इंजिन मिनिटाला 3900 फेरे मारतं आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. म्हणून मी गेल्या हिवाळ्यात फोर्ड सिएराचा पाच गियरचा बॉक्स, ज्याला टाइप नाइन म्हणतात तो, किट आणून बसवला. पाचव्यात तेच सत्तर 3200च्या आसपास बसतात. कागदावर फार सुंदर दिसतं.

एमजीबीत गियरबॉक्स एकटा खालून उतरत नाही, इंजिन वर काढावं लागतं. तीन शनिवार-रविवार, भाड्याची क्रेन आणि घराच्या मागच्या अंगणातल्या हिरवळीची कायमची वाट. गाडी चालू झाली तेव्हा मी मुग्धाला जिलबी खिलवली होती.

आठवड्याभरातच रोग दिसला. गाडी गार असताना सगळं छान. अर्धा तास चालली की रिव्हर्स टाकताना घर्रर्र. मग पहिलाही पडेना. क्लच दाबला की इंजिन आणि गियरबॉक्सची फारकत व्हायला हवी, ती पुरती होत नव्हती. पॅडलचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत नेणारे दोन सिलिंडर असतात, पॅडलकडचा मास्टर आणि क्लचकडचा स्लेव्ह. मास्टर बदलला, स्लेव्ह बदलला, रबरी पाइप आतून फुगत असेल म्हणून तोही नवा टाकला. खालच्या निपलातून उलटं ऑइल ढकलत एअर काढली. एका गॅरेजवाल्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि ‘जुन्या गाड्या अशाच असतात’ एवढ्या निदानाचं बिल दिलं. मी ते भरलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण मे महिन्यातला लाँग वीकेंड आला, खोली आधीच बुक होती आणि सकाळी गार गाडीत गियर लोण्यासारखे पडले.

लीड्स, स्किप्टन, कर्कबी लोन्सडेल, केंडल, अँबलसाइड. ए65 हा माझा आवडता रस्ता आहे, पण आज त्याच्याबद्दल एवढंच.

आमची खोली एस्कडेलच्या खोऱ्यात होती. तिथे जायला समुद्राकडून लांबचा, सपाट रस्ता आहे. मी रायनोज आणि हार्डनॉट या दोन खिंडींचा जवळचा धरला. हार्डनॉट काही ठिकाणी तीनास एक, म्हणजे तीन फुटांमागे एक फूट, चढतो, रस्ता एका गाडीचा, वळणं अशी की स्वतःच्याच गाडीचा मागचा दिवा दिसेल असं वाटतं. मुग्धा म्हणाली, “अरे, क्लचचं काय?” मी म्हणालो, “चढाला क्लच लागतोच कुठे, पहिल्यात टाकायची आणि सोडायचं नाही.” हे वाक्य ती आता पाहुण्यांना म्हणून दाखवते.

रायनोज पार झाला. कॉकली बेकच्या पुलानंतर चढ सुरू झाला, इंजिन तापलेलं होतं, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर वरून एक भाड्याची कॅम्परव्हॅन आली. आपल्या घाटांत काय आणि इथे काय, चढणाऱ्याला वाट द्यायची हा साधा नियम. पण तो गृहस्थ दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटवून पुतळ्यासारखा बसला होता. गाडी मागे घेणं त्याच्याने होणार नव्हतं. मी थांबलो. मागे वीस पावलांवर बाजू द्यायची जागा होती. रिव्हर्स टाकला.

घर्रर्र. तो आवाज त्या दरीत जसा घुमला तसा कुठल्याही गॅरेजात घुमत नाही. मागचा सायकलवाला उतरून बाजूला झाला. पुन्हा टाकला, पुन्हा घर्रर्र. शेवटी इंजिन बंद केलं. बंद इंजिनावर रिव्हर्स निमूट पडला. क्लच दाबून स्टार्टर मारला, गाडी थरथरत मागे सरकली. कॅम्परवाला शेजारून जाताना काच खाली करून म्हणाला, “गाडी सुंदर आहे हो, पण रस्ता तिचा नाही.” मला आजही त्याला उत्तर द्यायचंय.

आता पुढे जायचं. पुन्हा तोच उद्योग: इंजिन बंद, पहिला, क्लच, स्टार्टर, क्लच सोड. त्या चढावर इंजिनाने मान टाकली आणि हँडब्रेक ओढलेला असताना गाडी वीतभर मागे घसरली. क्लचप्लेट जळल्याचा वास आला. मुग्धा काही न बोलता उतरली, कडेच्या भिंतीतून निखळून पडलेला एक दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली लावला. खंबाटकीच्या चढावर ट्रकचा क्लीनर उडी मारून लावायचा ना, अगदी तसा. दुसऱ्यांदा इंजिन पुन्हा बंद पडलं, पण गाडी दगडावर टेकून राहिली. तिसऱ्यांदा 3000च्या वर फेरे नेऊन क्लच सोडला आणि गाडी निघाली.

निघाली ती थांबवायची सोय नव्हती. थांबलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. आरशात मुग्धा लहान होत गेली. मी माथ्यापर्यंत गेलो, सपाट जागी गाडी उभी केली आणि वीस मिनिटांनी ती चालत वर आली, चेहरा लाल, हातात तोच दगड. “म्हटलं परत लागेल,” ती म्हणाली. मी तेव्हा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. “पाणी आहे का?” असं तिनेच विचारलं.

उतार पहिल्या गियरवर काढला. रस्त्यालगत रोमनांचा किल्ला आहे, दुसऱ्या शतकातला. मी पाहिला नाही. मुग्धा म्हणते छान होता.

बूट गावात मुक्काम. खोलीवाल्या बाईंनी दारात उभी केलेली गाडी हुंगली, “क्लच?” एवढंच विचारलं आणि चहाची किटली आणून ठेवली. इंग्लंडात मला मिळालेलं हे सर्वांत नेमकं आदरातिथ्य. फोनला रेंज नव्हती, वायफाय होतं. कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांचा उद्यमनगरात तीस वर्षं गॅरेज होता, अर्ध्याहून जास्त काम अँबेसेडरचं. एमजीबी त्यांनी फोटोतच बघितली आहे, पण तिचं 1798 सीसीचं इंजिन आणि अँबेसेडरचं 1489चं एकाच घराण्यातली, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधली. मामांच्या मते ती आमच्या अँबेसेडरची धाकटी, जरा नखरेल बहीण.

“आरं, गार असताना बी खरडतंय, का गरम झाल्यावरच?”

“गरम झाल्यावरच.”

“पॅडल चार वेळा पंप करून बघ. फरक पडतोय?”

“नाही पडत.”

“मग हवा न्हाई त्यात. स्लेव्हचा रॉड किती पळतोय ते मोज.”

अंगणात आडवा होऊन गाडीखाली शिरलो. मुग्धा आत बसून पॅडल दाबायची, मी फूटपट्टी धरून. अर्धा इंच, म्हणजे हवा तेवढा.

“बाहेर काय बिघाड न्हाई बाबा. सिलिंडरं बदलून पैसे घालवलास. प्लेट उलटी न्हाई ना घातलीस?”

“नाही मामा. फोटो काढून ठेवलाय.”

“रिव्हर्स टाकायच्या आधी क्लच दाबून दहापर्यंत आकडे म्हण. तरी खरडतंय?”

खरडत होतं. म्हणजे क्लच सुटल्यावरही गियरबॉक्सचा शाफ्ट फिरतच होता. निव्वळ आधीच्या वेगाने फिरत असता तर एवढ्या वेळात थांबला असता. त्याला कोणीतरी आतून फिरवत होतं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “पायलट बुश ठोकल्यावर शाफ्ट परत घालून बघितलास का?”

क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला एक भोक असतं, त्यात बुश, म्हणजे धातूची आखूड नळी, आणि बुशात गियरबॉक्सच्या शाफ्टचं टोक टेकतं. क्लच दाबलेला असताना इंजिन फिरतं, शाफ्ट थांबतो, आणि दोघांची गाठ पडते ती फक्त या बुशात. फोर्डचा शाफ्ट आणि एमजीचा क्रँक, मापं वेगळी, म्हणून किटात खास बुश होता. तो मी रात्रभर ऑइलमध्ये भिजवला होता. शाफ्टवर चढवून बघितला होता, मऊ फिरत होता. मग क्रँकमध्ये ठोकला. आणि ठोकल्यावर बघितलं नव्हतं. बाहेरून आवळला की बुशाचं आतलं भोक केसभर लहान होतं.

“गनमेटल तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतंय,” मामा म्हणाले. “भाईरनं क्रँकनं आवळलंय, मग ते आतच फुगणार की. शाफ्टला मिठी मारून बसतंय.” मग त्यांनी मुग्धाला फोन द्यायला सांगितला आणि दोघांचं बराच वेळ बोलणं झालं, गाडीबद्दल नव्हे.

दुसरा दिवस वास्टवॉटरला गेला, खोलीवाल्या बाईंच्या भाच्याच्या गाडीतून. इंग्लंडमधलं सर्वांत खोल तळं. गार वारा होता.

परतीला पहाटे पाचला निघालो, समुद्राकडच्या लांबच्या रस्त्याने. गाडी पहिल्यात टाकून स्टार्टरवर सुरू करायची, पुढचे गियर क्लचशिवाय, इंजिनाचे फेरे जुळवून. जमलं की संगीत, नाही जमलं की घर्रर्र. इल्कलीपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. लीड्समध्ये कर्कस्टॉल रोडला लागोपाठ लाल सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करून बसलो. मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत इथे, नुसते बघतात. त्यापेक्षा हॉर्न परवडला.

पुढच्या शनिवारी पुन्हा क्रेन, पुन्हा इंजिन वर, हिरवळीची उरलेली वाट. मागच्या चाकाला हार्डनॉटचा दगड. शाफ्टच्या टोकावर पिवळी रेघ उमटली होती, बुशातला धातू घासून चिकटलेला. मामांचा मेसेज आला होता, ‘पुसू नको, आधी फोटो पाठव.’ नवा बुश ठोकला तर तोही आवळला, म्हणजे किटातलं मापच काठावरचं. या खेपेला मात्र ठोकल्यावर शाफ्ट घालून बघितला होता. एका ओळखीच्या लेथवाल्याने क्रँकमधल्या क्रँकमध्येच रीमर, म्हणजे भोक किंचित मोठं करायचं हत्यार, फिरवून तो मोकळा करून दिला, आणि शाफ्ट दोन बोटांनी फिरला.

त्यानंतर गाडी तासभर तापवून आणली आणि गल्लीत रिव्हर्स टाकला. आवाज नाही. मामांना फोन करून सांगितलं.

“बरं झालं,” मामा म्हणाले. “आता परत कधी ती पोरगी चालत वर आली तर बॉनेट मागनं उघड. आधी तिला पाणी दे.”